सावलीतही ऊन लागतं

उन्हाळा लागला की 'दुपारचं शेतात जाऊ नका' असं सगळेच सांगतात. पण पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला कुणी काही सांगत नाही. ती सावलीत असते ना!

विट्याच्या यंत्रमागांवर, तासगावकडे बेदाणा निवडायला, कराड भागातल्या गुऱ्हाळांवर आपल्यातल्या कितीतरी जणी जातात. गुऱ्हाळाच्या चुलवणाची धग निदान दिसते. मागाची दिसत नाही. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून बऱ्याच शेडमध्ये ओलावा धरतात, खिडक्या लावून घेतात. वरून पत्रा तापतो, खाली मोटारी तापतात. आपलं अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळे. दमट हवेत घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि उष्णता अंगातच राहते.

आता चारचौघांत न निघणारी गोष्ट. पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच घरी का येते, असं आम्ही गटाच्या बैठकीत विचारलं. उत्तर एकच आलं : संडासची सोय नाही, आणि असली तर दाराला कडी नाही. म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. मग लघवी गडद पिवळी होते, जळजळते, पायात गोळे येतात, डोकं दुखतं, मळमळतं. 'पित्त झालंय' म्हणून गोळी घेऊन परत मागावर उभ्या राहू नका. गार जागी बसा. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या.

एखादी असंबद्ध बोलायला लागली किंवा तिची शुद्ध हरपली, तर कांदा हुंगवत बसू नका. तोंडात पाणीही ओतू नका. लगेच १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत तिला वाऱ्याला न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला.

खेळती हवा, पिण्याचं पाणी, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह हे १९४८ च्या कारखाने कायद्यापासून लिहिलेलं आहे. लहान शेड मात्र त्यातून सुटतात, तिथे मालकाशी बोलावंच लागतं. एकटी बोलली तर 'उद्यापासून येऊ नको' ऐकते. म्हणून गटानं जावं, तेही मार्च लागायच्या आत. आधी कडीचा, पाण्याचा संडास मागावा. मग माठ, आणि पत्र्याला वरून चुना. नवीन आलेल्या पोरीला पहिला आठवडाभर थोडं कमी काम द्या, हेही त्याच वेळी सांगावं. तिच्या अंगाला त्या उष्म्याची सवय झालेली नसते.