मलबार टेकडीवरील दोन घरें

मुंबईंत श्रीमंतांची वस्ती कोठें, असें विचारल्यास कोणीहि मलबार टेकडीकडे बोट दाखवील. परंतु ही टेकडी मोटारींतून पाहावयाची नव्हे. ती पायींच चढावी.

आरंभ बाणगंगेपासून करावा. समुद्र अगदीं हाकेच्या अंतरावर असूनहि या तळ्याचें पाणी गोडें आहे. श्रीमंतांचे बंगले उठण्याच्या कितीतरी आधीं येथें यात्रेकरू येत असत. तेथून दक्षिणेच्या टोंकास राजभवन आहे. गव्हर्नर पूर्वीं परळास राहत. तेथें पटकीनें गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा अंत झाला, आणि १८८५ च्या सुमारास गव्हर्नरांचें वास्तव्य या मोकळ्या हवेच्या जागीं आलें. टेकडीच्या माथ्यावर फिरोजशहा मेहता उद्यान लागतें. शहरास पुरविल्या जाणाऱ्या पाण्याच्या साठ्यावर तें १८८१ सालीं रचलें गेलें.

यानंतर भाऊसाहेब हिरे मार्गावर, म्हणजे पूर्वींच्या माउंट प्लेझंट रस्त्यावर, बॅरिस्टर जीना यांचा बंगला दिसतो. क्लॉड बॅटली या वास्तुशिल्पज्ञानें तो १९३६ सालीं उभारला. १९४४ च्या सप्टेंबरांत जवळच बिर्ला भवनांत उतरलेले गांधीजी वाटाघाटींसाठीं येथें येत. बोलणीं फिसकटलीं आणि तीन वर्षांनीं देश दुभंगला. मालक कराचीस गेले. पुढें कित्येक वर्षें ब्रिटिश उप-उच्चायुक्त तेथें राहत. नंतर घर ओस पडलें, मालकीचा वाद न्यायालयांत गेला. परंतु घर उभें राहिलें.

याच टेकडीवर ‘मेहरांगीर’ नांवाचें दुसरें घर होतें. अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा यांचें तें निवासस्थान. १९६६ सालीं विमान-अपघातांत ते गेले. त्यांचे बंधु जमशेद यांनीं तें घर सांभाळलें. २००७ सालीं तेहि निवर्तले. त्यांच्या मृत्युपत्रान्वयें घर राष्ट्रीय संगीत नाटक केंद्राकडे गेलें. केंद्रानें २०१४ सालीं लिलांवांत तें ३७२ कोटि रुपयांस विकलें. तेथें स्मारक व्हावें म्हणून अणुसंशोधन केंद्रांतील कर्मचाऱ्यांनीं न्यायालयांत दाद मागितली होती. पण ती लिलांव तोंडावर आल्यावर. २०१६ सालीं घर पाडलें गेलें.

यांत कोणास दोष द्यावा? केंद्रास कलेच्या कार्यासाठीं द्रव्य हवें होतें, आणि दात्याचा हेतूहि तोच होता. तथापि शहराचें जें गेलें तें गेलेंच. ज्या घरांत सलोख्याचा यत्न निष्फळ झाला तें उरलें, आणि ज्या घरांत विज्ञान व कला एकत्र नांदलीं तें नाहींसें झालें. घराचें रक्षण रहिवाशाची कीर्ति करीत नाहीं. वारसा म्हणून वेळींच झालेली नोंद करते. मुंबईंत तसे नियम १९९५ पासून आहेत.

म्हणून एखाद्या सकाळीं मुलांस बरोबर घेऊन ही टेकडी चढावी. उभ्या घरांचीं नांवें त्यांस सांगावीं, आणि पडलेल्या घराचेंहि सांगावें. नागरिकांस ज्या घराची ओळख असते, त्याच्यासाठीं कोणी तरी वेळेवर बोलण्याचा संभव असतो.