एका मतासाठी चाळीस किलोमीटर
(बीड येथील कार्यकर्ता बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

उन्हाळ्याचे दिवस आहेत. ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या आहेत. विधानसभेची निवडणूकही मागं पडली आहे. निवडणुकीत माणूस फक्त कोण जिंकलं आणि कोण पडलं एवढंच बोलतो, म्हणून हा विषय आज घेतोय. आज डोकी शांत आहेत आणि माणसं घरी आहेत.

सुरुवात जरा लांबून करतो. अरुणाचल प्रदेशात अंजॉ जिल्ह्यात, चीनच्या सीमेजवळ मालोगाम नावाची वस्ती आहे. २०२४ साली तिथल्या मतदार यादीत एकच नाव होतं, एका बाईचं. त्या एका मतासाठी मतदान यंत्र घेऊन कर्मचारी सुमारे चाळीस किलोमीटर डोंगर चढून गेले. एका मतासाठी सरकार एवढं चाललं, याचा मला अभिमान वाटतो.

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. त्याच वेळी अरुणाचलच्या विधानसभेचीही निवडणूक होती. ६० पैकी १० जागा बिनविरोध गेल्या आणि मालोगामचा हायुलियांग मतदारसंघ त्या दहांत होता. यंत्र डोंगरावर पोचलं, पण त्या बाईला आमदार निवडता आला नाही. मत लोकसभेपुरतंच राहिलं. म्हणजे दोन गोष्टी लागतात. मतदारापर्यंत मत पोचलं पाहिजे आणि त्या मताला काही निवडायला मिळालं पाहिजे.

आता बीडकडं या. आपल्याकडं लढतीची वाण नाही. पण मत मतदारापर्यंत पोचतं का?

२०१४ ची विधानसभा १५ ऑक्टोबरला झाली, २०१९ ची २१ ऑक्टोबरला. दोन्ही वेळा कारखान्यांची धुराडी पेटायची होती. २०२४ ला गाळप हंगामाची तारीख ठरली १५ नोव्हेंबर आणि मतदान झालं २० नोव्हेंबरला. पाच दिवसांचा फरक. मुकादमाची उचल घेतलेलं जोडपं, ज्याला आपण कोयता म्हणतो, ते त्या दिवशी कुठं असणार? सांगली, कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात, फडाच्या कडेला, कोपीत.

कायदा म्हणतो, मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी. पण कोयत्याला पगार कुठं असतो? टनावर मजुरी मिळते. खाडा झाला तर पैसे कापले जातात. परत यायचं तर दोन-तीन दिवस मोडतात, गाडीभाडं वेगळं. मग कोणी गाडी पाठवली तरच माणूस येतो. आणि गाडी पाठवणारा मत कोणाचं समजतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. उमेदवारानं मतदारांची ने-आण करणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्यानं भ्रष्ट मार्ग आहे. तरी ज्याच्याकडं परतायला दुसरा रस्ताच नाही, त्या मजुराला दोष कसा द्यायचा?

कोणी म्हणेल, थोड्या मतांनी काय होतं? आपल्याच जिल्ह्याचे आकडे बघा. २०१९ ला बीडची जागा १,९८४ मतांनी ठरली. २०२४ ला त्याच जागेवर ५,३२४ चा फरक होता. त्याआधी लोकसभेला सहाही मतदारसंघ मिळून फरक होता ६,५५३. मालेगाव मध्यची जागा तर १६२ मतांनी गेली. एवढी माणसं एका गावच्या टोळ्यांत असतात.

आता एक प्रश्न मला येतोच, तो मीच विचारून घेतो. "भाई, आपली संघटना मुस्लिमांची. ऊसतोड्यांचं काय घेऊन बसलात? आपल्या प्रतिनिधित्वाचं बोला."

बोलतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के आहेत. २८८ च्या सभागृहात आपले आमदार १० आहेत. २०१९ ला १० होते, २०२४ लाही १०. आपल्या मराठवाड्यातून एकच, सिल्लोडमधून, तोही २,४२० मतांनी. बीडच्या सहा जागांत एकही नाही. बीडनं पूर्वी मुस्लिम आमदार दिलेला आहे, सय्यद सलीम यांचं नाव इथल्या सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा ही सल खरी आहे, ती मी नाकारत नाही.

काही तरुण मला सिक्कीमचा दाखला देतात. तिथल्या ३२ जागांपैकी एक बौद्ध मठांतल्या भिक्खूंसाठी आहे, तिला संघाची जागा म्हणतात. त्या जागेला भूगोल नाही. मठांतले लोकच तिथं उभे राहतात आणि तेच मत देतात. मग आपल्याला का नाही, असं ही मुलं विचारतात. मुलांनो, ती व्यवस्था एका जुन्या राज्यातून आली. सिक्कीम १९७५ ला भारतात आलं तेव्हा ती टिकवली गेली, आणि १९९३ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या इतिहासाकडं पाहूनच ती मान्य केली. आपला इतिहास वेगळा आहे. १९०९ पासून आपल्याला वेगळे मतदारसंघ होते. त्यांनी आपली मतं आपल्यातच कोंडली. शेजारच्या उमेदवाराला आपल्या दारात यायची गरज उरली नाही. घटना समितीनं ती वाट सोडली ते बरोबर केलं, असं माझं मत आहे.

सिक्कीमकडून घ्यायचं तर दुसरं घ्या. २०११ ला तिथली लोकसंख्या ६,१०,५७७ होती. म्हणजे एका आमदारामागं साधारण १९ हजार माणसं. बीड जिल्ह्याची होती २५,८५,०४९ आणि आमदार सहा. एका आमदारामागं चार लाख तीस हजार. तिथला आमदार माणसाला नावानं ओळखू शकतो. इथं आमदाराला जात दिसते, वस्ती दिसते, गठ्ठा दिसतो. एवढ्या गर्दीत मुसलमान एकटा ओरडला तर आवाज पोचत नाही. त्याला शेजारी लागतो. आणि बीडमध्ये ज्याचं मत असंच हवेत जातं तो शेजारी म्हणजे ऊसतोड मजूर. त्यांच्यात दलित आहेत, वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठा आहेत, आपलीही माणसं आहेत. २०१९ ला विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर या जिल्ह्याचा आकडा आला. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. या बायांचं मत हंगामात हरवत असेल, तर त्यांच्या दवाखान्याचा प्रश्न कोण विचारणार? हा प्रश्न परक्यांचा नाही.

यावर उपाय आहे का? आहे, आणि तोही हिमालयातच सापडतो. जम्मू-काश्मीरची विधानसभा निवडणूक सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. खोरं सोडावं लागलेल्या काश्मिरी विस्थापितांसाठी आयोगानं जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत मिळून २४ विशेष मतदान केंद्रं उघडली. दिल्लीत बसून माणसानं आपल्या खोऱ्यातल्या उमेदवाराला मत दिलं. ते योग्यच झालं. मग कारखान्याच्या तळावर परळी, केज, आष्टीच्या मजुरांसाठी केंद्र का नको? स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये पक्षांसमोर आणला होता. पक्षांच्या शंका होत्या, त्या रास्तही असतील. पण मग पर्याय द्या. तोही जमत नसेल, तर निदान मतदानाची तारीख हंगामात धरू नका.

हे मागायची वेळ आजच आहे. सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०२५ रोजी रखडलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्यायला सांगितलं होतं. नगरपरिषद, पंचायत समिती, जिल्हा परिषद, सगळं तेव्हा पुढं होतं. आपल्याकडं तारखा लांबतात. लांबत लांबत हिवाळ्यात गेल्या, तर पुन्हा गाव रिकामं असताना मतदान होईल. तेव्हा निवेदन आज जाऊ द्या, आणि त्यावर सह्या फक्त आपल्या नकोत. टोळीतल्या माणसांच्या हव्यात, बायांच्या आधी.

दुसरं काम आपल्या घरातलं. मोमीनपुऱ्यात, पेठ बीडमध्ये, तुमच्या तालुक्याच्या गल्लीत मतदार यादी उघडून बघा. एकाच घरात बापाच्या नावाला 'शेख' आणि मुलाच्या नावाला 'शे.', एक भाऊ 'सय्यद' आणि दुसरा 'सैय्यद'. सून माहेरच्या यादीत. आधारवर 'बेगम', यादीत 'बी'. मतदानाच्या दिवशी केंद्रावर यावरून वाद घालायचा आणि घरी येऊन अन्याय झाला म्हणायचं, हे किती वर्षं चालणार? नवीन नावाला ६ नंबरचा फॉर्म, दुरुस्ती आणि पत्ता बदलाला ८ नंबरचा. नाव वगळण्यासाठी ७ नंबर येतो. तो तुमच्या नावावर कोणी दिला तर उत्तर द्यायला हजर राहा. अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. स्थानिक निवडणुकीची यादीही विधानसभेच्या यादीवरूनच निघते. इथं नाव नसेल तर तिथंही नसणार.

प्रत्येक कार्यकर्त्यानं एक यादी भाग घ्यावा. बीएलओला भेटावं, त्याच्याशी भांडू नये, त्याच्यावरही कामाचा बोजा आहे. आपल्या घरांसोबत शेजारच्या तांड्याची, वस्तीची, दलितवाड्याची नावंही तपासावीत. काम वाटून घेताना कोण कोणाचा हे विचारू नका.

सूरह निसाच्या ५८व्या आयतीत अमानत तिच्या हक्कदाराला पोचवण्याचा हुकूम आहे. मत ही अमानत आहे, हे आपण मिंबरवरून अनेकदा ऐकलं. आपण त्याचा अर्थ एवढाच घेतला की मत विकू नये. माझं म्हणणं, ज्याचं मत त्याच्यापर्यंत पोचवणं हीसुद्धा अमानतीची परतफेड आहे. तिकडं एका बाईसाठी माणसं चाळीस किलोमीटर डोंगर चढली. आपल्याला गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आहे.

दसऱ्यानंतर गाड्या पुन्हा भरतील. तोवरचे दिवस आपल्या हातात आहेत. बैठक संपल्यावर मागच्या टेबलावर यादी भागांचे नंबर लिहून ठेवलेत. जाताना आपला नंबर घेऊन जा.

खुदा हाफिज. जय हिंद.