जुन्या साखळी-करवतीची ओळख आणि दुरुस्ती
(समाजाच्या नायगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला ‘सुतारकाम आणि नवे युग’ या भारदस्त विषयावर बोलण्यास सुचविले होते. एवढा विषय मला पेलणार नाही असे मी त्यांस नम्रपणे कळविले, आणि त्याऐवजी माझ्या हातून गेलेल्या एकाच यंत्राविषयी बोलण्याची परवानगी मागितली. ते यंत्र म्हणजे झाड तोडण्याची साखळी-करवत. आपल्या भागात तिला कोणी चेनसॉ म्हणतात, कोणी नुसतेच कटर. बांधावरची बाभूळ असो की अंगणातला वाळलेला कडुनिंब, आता दोघांनी ओढायची मोठी करवत कोणी काढीत नाही; कटरवाल्याला निरोप जातो. हा कटरवाला बहुधा आपल्यातला नसतो, याचे मला वाईट वाटत नाही. पण ते यंत्र बिघडले की भंगारात जाते किंवा ज्याला दातांचे ज्ञान नाही अशा हाती जाते, याचे मात्र वाटते. कारण करवतीचा दात ही आपल्या घराण्यांची विद्या आहे.

या यंत्राचा जन्म मोठा चमत्कारिक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन वैद्यांनी हाड कापण्यासाठी हाताने ओढावयाची बारीक दातेरी साखळी वापरात आणली. लाकडासाठीचे यंत्र पुष्कळ उशिरा आले. जर्मनीत आंद्रेआस श्टिल यांनी १९२६ साली विजेवर चालणारी आणि १९२९ साली पेट्रोलवर चालणारी करवत बनविली. ती इतकी जड होती की उचलण्यास दोन माणसे लागत. परंतु खरी क्रांती इंजिनाने केली नाही, दाताने केली. अमेरिकेतील ओरेगॉन प्रांतात जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. १९४६ साली त्याने एका ओंडक्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड खाताना पाहिली. ती समोर ओरखडत नव्हती. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी कुरतडत पुढे सरकत होती. त्यावरून त्याने डाव्या-उजव्या वळणाचे आकडेदार दात असलेली साखळी घडविली. आजही जगातील बहुतेक साखळ्या त्याच धाटणीच्या असतात. लाकूड पोखरणाऱ्या किडीला आपण पिढ्यान् पिढ्या शिव्या दिल्या; त्या गृहस्थाने तिला गुरू केले!

असो. आता माझ्याकडे आलेल्या करवतीकडे वळतो. गेल्या वैशाखात आपल्याच समाजातील एका वखारदारांनी माळ्यावर वीसेक वर्षे पडलेली एक करवत पोत्यात घालून आणली. नावाची पट्टी निघून गेलेली, रंग उडालेला. ‘चालू करून द्या,’ एवढेच त्यांचे म्हणणे. मी म्हटले, आधी ही कोण हे ठरू द्या. जुन्या यंत्राची ओळख पटल्याशिवाय त्याला स्क्रू-ड्रायव्हर लावू नये, हा माझा नियम आहे. नाहीतर चुकीचे भाग येतात, पैसा जातो, आणि शेवटी दोष यंत्राच्या माथी बसतो.

पहिली साक्ष साखळीची. लागोपाठच्या तीन रिव्हेटांचे अंतर मोजावे आणि त्याचे निम्मे करावे; तो साखळीचा टप्पा. माझ्या मोजणीत तीन रिव्हेटांत साडेवीस मिलिमीटर भरले, म्हणजे टप्पा सव्वादहा मिलिमीटर. लहान करवतींत तो सव्वाआठ किंवा सव्वानऊच्या आसपास असतो. यावरून यंत्र मोठ्या ओंडक्यांसाठी बनलेले होते, हे कळले.

दुसरी साक्ष ओतीव अंकांची. माती-तेलाचा थर रॉकेलने धुतल्यावर एका भागावर ११०६ या अंकांनी सुरू होणारा क्रमांक दिसला. श्टिल कंपनीच्या भागांवरचे पहिले चार अंक यंत्राचे कुळ सांगतात. ११०६ हे ०७० आणि ०९० या दोन्ही नमुन्यांचे कुळ. १९५९ साली बाजारात आलेल्या कॉन्ट्रा या प्रसिद्ध करवतीचा हा वंश. पण कुळ कळले म्हणजे माणूस कळला असे होत नाही. सख्खे भाऊ दिसण्यात सारखे असतात. म्हणून तिसरी साक्ष काढावी लागली, ती सिलिंडरच्या मापाची.

स्पार्क प्लगच्या छिद्रातून सायकलच्या चाकाची तार अलगद सोडून दट्ट्या वर आणि खाली असताना खूण केली. फरक सुमारे ४ सेंटिमीटर आला. सिलिंडर उतरविल्यावर व्हर्निअरने आतला व्यास मोजला, तो ५.८ सेंटिमीटर. आता शाळेतल्या मुलांनी गणित करावे: त्रिज्या २.९, तिचा वर्ग ८.४१, त्याला ३.१४१६ ने आणि मग ४ ने गुणले की १०५.७ घनसेंटिमीटर. व्यास ६.६ असता तर तेच गणित १३६.८ वर गेले असते आणि ती ०९० ठरली असती. म्हणजे आमच्या पाहुणीचे नाव ०७०. लुनाच्या इंजिनाच्या दुप्पट ताकदवान आकार दोन हातांत धरावयाचा, हे यावरून ध्यानी यावे.

येथे एक सावधगिरी सांगतो. या ०७० च्या चिनी नकला बाजारात पुष्कळ आहेत आणि त्यांची मापे मुद्दाम तीच ठेवलेली असतात. माप जुळले म्हणून अस्सल ठरवू नये. ओतीव अक्षरे, कार्ब्युरेटरवरचे नाव आणि धातूची सफाई या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. नकलेचे भाग अस्सल यंत्रात पुष्कळदा बसतात. गरज पडल्यास मी ते वापरतो, पण गिऱ्हाइकाला सांगून.

दुरुस्तीचे काम आपल्यातल्या ज्या मुलांनी चेतक किंवा लुना उघडली आहे त्यांना नवे नाही. तेच दोन-टप्प्यांचे इंजिन, तेच मॅग्नेट, तेच पॉइंट आणि कंडेन्सर. प्रथम धुराडे काढून त्या तोंडातून दट्ट्या पाहावा. त्याच्या अंगावर उभे खोल ओरखडे असतील तर पूर्वी कोणीतरी पेट्रोलमध्ये तेल घालण्यात कंजूषपणा केला आहे असे समजावे, आणि खर्चाचा हिशेब तेथेच मालकापुढे ठेवावा. आमच्या करवतीचा दट्ट्या गुळगुळीत होता. ठिणगी मात्र नव्हती; पॉइंटवर गंज चढला होता. तो बारीक पॉलिश-कागदाने काढून फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवली, तशी निळी ठिणगी पडली.

कार्ब्युरेटर तेवढा निराळा. स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगी असते, त्यामुळे स्कूटर आडवी पडली की पेट्रोल सांडते. करवत तर आडवी, तिरपी, उलटी कशीही धरावी लागते. म्हणून तिच्यात तरंगीऐवजी पातळ पडदा असतो; इंजिनाच्या पोटातील हवेच्या धडधडीने पेट्रोल ओढले जाते आणि पडदा ते मोजून आत सोडतो. वीस वर्षांत हे पडदे पापडासारखे कडक झाले होते. ते बदलले, पेट्रोलची नळी बदलली, आणि दांड्याच्या दोन्ही बाजूंची ऑइल-सीलेही बदलली. ही सीले अनेक जण तशीच ठेवतात. त्यांतून बाहेरची हवा आत शिरली की इंजिन कोरडे तापते आणि चांगला दट्ट्या एका दुपारी चिकटतो. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते आणि जुन्या रबराला मानवत नाही. यासाठी काम संपले की टाकी रिकामी करावी. तेलाचे प्रमाण साध्या टू-स्ट्रोक तेलास पंचविसास एक ठेवावे.

इंजिन दहाव्या ओढीला सुरू झाले. वखारदार आनंदले, पण ओंडक्याला लावताच करवत चंद्रकोरीसारखी वळू लागली. ‘इंजिनात दोष राहिला,’ असे तेथील एका मेकॅनिकचे मत पडले. मी साखळी काढून पाटावर ताणली. एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा दीड मिलिमीटर आखूड! कोणीतरी उजव्या हाताच्या सोयीने एकच बाजू जोरात कानसली होती. आपली हातकरवत एका अंगाला जास्त वाकविली की रेघ सोडते, तोच हा प्रकार. सर्वांत आखूड दात शोधावा, बाकीचे सर्व त्याच्या मापाला आणावेत. या टप्प्याला साडेपाच मिलिमीटरची गोल कानस लागते. आडव्या चिरेसाठी तीस अंशांचा कोन, फळ्या उभ्या काढावयाच्या असतील तर दहा. दाताच्या पुढे जो उंचवटा असतो तो लाकडाचा घास किती घ्यावयाचा हे ठरवितो. तो दाताच्या टोकाहून साधारण पाऊण मिलिमीटर खाली असावा. अधिक खाली नेला तर करवत अधाशासारखी चावते आणि धरणाऱ्याला झटका देते. दोन तासांच्या कानसकामानंतर तीच करवत ओळंब्यासारखी सरळ उतरली.

झटक्याचा विषय निघाला म्हणून स्पष्ट बोलतो. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत क्षणार्धात माणसाच्या तोंडाकडे उलटते. साखळी जागच्या जागी थांबविणारा ब्रेक १९७० नंतरच्या दशकात रूढ झाला. या जुन्या करवतीला तो नाही. तिच्या मुठींना धक्के शोषणारे रबरही नाही, आणि असे यंत्र महिनोन् महिने चालविले तर बोटांतील रक्त आटून ती पांढरी, बधिर पडतात. म्हणून वखारदारांना मी ती एका अटीवर परत देईन असे सांगितले: वखारीत, जमिनीवर, ठोकळ्यांवर ठेवलेला ओंडका कापण्यापुरतीच ती वापरावी, झाडावर चढताना कोणाच्या हाती देऊ नये. त्यांनी थोडी कुरकुर केली. झाडतोडीला त्यांनी आता ब्रेक असलेली नवी घेतली आहे. (सागवान, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात, परवानगीचा कागद हाती पडल्याशिवाय करवत कोणतीही असो, सुरू करू नये, हे जाता जाता.)

ती ०७० वखारदारांच्या संमतीने आज मांडवाच्या दारापाशी टेबलावर ठेवली आहे. टाकी रिकामी आहे आणि स्पार्क प्लग काढला आहे. साखळी शेजारी पाटावर ताणून ठेवली आहे, सोबत गोल कानस आहे. ज्या तरुणांना दात लावून पाहावयाचा आहे त्यांनी जेवणानंतर यावे. डावा दात आधी, मग उजवा, आणि दोन्हींना कानशीचे सारखेच घाव मोजून द्यावेत.