पन्नाशीतला एक प्रश्न

पुरुषाच्या शरीरात अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून बसलेली. तिला प्रोस्टेट म्हणतात. पुस्तकात ‘पुरःस्थ ग्रंथी’ असा शब्द सापडतो, पण तो पुस्तकातच राहिला. मी बी.ए. झालो, कविता लिहिता लिहिता पन्नाशी ओलांडली. तरी आमच्या घरात या ग्रंथीचं नाव कुणी काढल्याचं मला आठवत नाही. जिला बोलीत नाव नाही, तिचं दुखणं माणसानं सांगायचं कसं?

माझ्या थोरल्या भावानं जुम्म्याला मशिदीत येणं बंद केलं, तेव्हा तो म्हणाला, ‘गुडघे धरलेत.’ आम्ही गुडघ्यांना तेल लावत राहिलो. खरी गोष्ट अशी होती, की लघवीनंतर थेंब गळायचा आणि वुजू तुटला, ही बोच त्याला सफेत उभं राहू देत नव्हती. अशा आजारी माणसाला धर्मानं सवलत दिलेली आहे. पण सवलत मागायची तरी आधी आजार सांगावा लागतो! तो भावजयीलाही बोलला नव्हता. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या, बायोप्सी झाली आणि कर्करोग निघाला. तो लवकर सापडला, उपचार लागू पडले.

त्या दिवशी डॉक्टरांनी कागद मिटला आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘तुम्ही सख्खे भाऊ ना? तुमचं वय किती?’

हा प्रश्न चौकशीचा नव्हता. या आजारात सर्वांत मोठा धोका वयाचा. चाळिशीच्या आत तो क्वचितच होतो. पन्नाशीनंतर शक्यता झपाट्यानं वाढते आणि बहुतेक रुग्ण पासष्टीच्या आसपास किंवा पुढचे असतात. दुसरा धोका रक्ताच्या नात्याचा. वडिलांना किंवा भावाला हा कर्करोग झाला असेल, तर आपली शक्यता दुपटीहून अधिक होते. त्यातही वडिलांपेक्षा भावाचं नातं जास्त बोलकं. आणि नवल म्हणजे इथं आईकडचं घराणंही मोजावं लागतं. बीआरसीए-२ या जनुकातला जो दोष आई-मावशीला स्तनाचा कर्करोग देऊ शकतो, तोच मुलाला प्रोस्टेटचा देऊ शकतो.

अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांना हा आजार अधिक होतो आणि त्यांच्यातले अधिक जण त्यानं दगावतात. आशियातून तिकडे स्थायिक झालेल्या कुटुंबांत त्याचं प्रमाण मायदेशापेक्षा वाढलेलं दिसतं. म्हणजे रक्ताबरोबर राहणीमानही काही सांगतं. अर्थात, तिथं तपासण्याही जास्त होतात. लठ्ठपणाचा संबंध आजाराच्या उग्र रूपाशी जोडला जातो. धूम्रपान करणाऱ्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळतं.

मग एखादी गोळी घेऊन हे टळेल का? अमेरिकेत २००१ साली पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांवर सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाचा मोठा प्रयोग सुरू झाला. फायदा दिसेना, म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ मध्ये निष्कर्ष आला, की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. तेव्हा कुणी सांगितलं म्हणून डब्या आणू नयेत.

आणखी एक गैरसमज. वाढलेली प्रोस्टेट म्हणजे कर्करोग नव्हे, आणि ती वाढ पुढे कर्करोगात बदलतही नाही. म्हाताऱ्या माणसाला रात्री चार वेळा उठावं लागतं, ते बहुधा या साध्या वाढीमुळं. उलट, सुरुवातीचा कर्करोग अनेकदा काहीच त्रास देत नाही. भावाचा त्रासही साध्या वाढीचाच होता, असं डॉक्टर म्हणाले. त्या निमित्तानं तपासणी झाली, म्हणून आतला चोर सापडला.

तपासणीसाठी ‘पीएसए’ नावाची रक्तचाचणी असते. तिचा आकडा साध्या वाढीनं, जंतुसंसर्गानंही चढतो. म्हणून आकडा पाहून हातपाय गाळायचे नाहीत. काही गाठी इतक्या सावकाश वाढतात, की त्यांच्यावर नुसती नजर ठेवली तरी पुरतं. म्हणून चाचणी करायची की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. साधारण पन्नाशीला, आणि घरात आजार असेल तर पंचेचाळिशीच्या आतबाहेर हे बोलणं व्हावं.

मी माझी चाचणी करून घेतली. मग दोन्ही मुलांना समोर बसवून चुलत्याचा आजार नावानिशी सांगितला. धाकटा खाली बघत होता, थोरला हसला. हसू दे. आपण मुलांना जमिनीचा उतारा दाखवतो, कर्ज-देणं सांगतो. बापाच्या, चुलत्याच्या, आजीच्या आजारांचाही एक उतारा असतो. तो कुठल्याच कचेरीत मिळत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी जिवंतपणी तोंडानं सांगितला, तरच पुढच्या पिढीच्या हाती पडतो.