करडांचे जंत आणि झाडपाला

मी शेळ्या पाळतो, उस्मानाबादी. फोनवर मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हे: "दादा, कडुनिंबाने करडांचे जंत पडतात का?"

एका श्रावणात मीही हेच धरून बसलो होतो. तीन महिन्यांची नऊ करडं. रोज कडुनिंबाचा पाला दिला, औषध नाही. तीन गेली. चौथ्याच्या जबड्याखाली पाणी उतरलं, तेव्हा डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी फक्त पापणी खाली ओढून दाखवली. कागदासारखी पांढरी.

हा रक्त पिणारा जंत, हिमोंकस. शेळीच्या चौथ्या पोटात राहतो. एक जंत रोज साधारण 0.05 मिली रक्त घेतो. हजार झाले की 50 मिली. दहा किलोच्या करडाच्या अंगात रक्तच पाऊण लिटरच्या आत! मादी दिवसाला 5,000 ते 10,000 अंडी घालते. पावसाळ्यात आठवड्याभरात लेंडीतून अळ्या निघून ओल्या गवतावर चढतात, बहुतेक बुडाशीच. करडू बारीक गवत खुरडून खातं, तिथेच अडकतं.

मग पाला काहीच करत नाही का? करतो. बाभळीच्या शेंगा, सुबाभूळ, बोरीचा पाला यांत टॅनिन असतं. त्याने अंडी, अळ्या कमी होऊ शकतात. शिवाय पाल्यातून प्रथिनं मिळतात, आणि पोट भरलेलं करडू जंत जास्त सोसतं. वर तोंड करून झाडाचं खाल्लं की बुडाचं गवत तोंडात जात नाही, मला तर हाच फायदा मोठा वाटतो. पण सुबाभळीत मायमोसीन असतं. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नका, केस गळतात.

मात्र पोटात भरलेले हजार जंत पाल्याने पडत नाहीत. माझी चूक तिथेच झाली.

पापणीचा रंग बघायला दक्षिण आफ्रिकेत पाच रंगांचा तक्ता निघाला, फामाचा. लालभडक म्हणजे एक, पांढरी म्हणजे पाच. मी आता पावसाळ्यात दर आठवड्याला उन्हात उभं राहून बघतो. चार-पाच दिसलं की पाला बाजूला, डॉक्टर आधी. औषध वजन करून, अंदाजाने नाही. कमी मात्रा दिली की मरायचे ते मरतात, औषधाला न जुमानणारे उरतात आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते. सगळ्या कळपाला एकदम पाजण्याची सवयही मी सोडली.

आणि करडू रक्ताची हगवण करत असेल, तर तो जंत नसून कॉक्सिडिया असू शकतो. जंताचं औषध त्यावर चालत नाही.

औषध लागू पडलं का, हे बघायचं असेल तर ताज्या लेंड्या पिशवीत घालून दवाखान्यात न्या. डोस देण्याआधी एकदा, चौदा दिवसांनी परत एकदा. अंड्यांचा आकडा फारसा उतरला नसेल, तर डॉक्टरांना दुसऱ्या गटातलं औषध विचारा.