पदक कुणाच्या खात्यात?

(बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या मराठी मंडळींच्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘भारतीय नेमबाजीचा हंगाम’. हंगामाचा आढावा म्हटलं की पदकांची यादी वाचायची असते आणि तशी यादी वाचण्यासारखी आहेही. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताला सहा पदकं मिळाली, त्यातली तीन नेमबाजीची. २८ जुलै २०२४ ला मनू भाकर, ३० जुलैला मनू आणि सरबजोत सिंग, १ ऑगस्टला आपला स्वप्निल कुसाळे. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या विश्वचषक अंतिम स्पर्धेत कोल्हापूरच्याच सोनम मस्करला रौप्य. एप्रिल २०२५ मध्ये ब्युनोस आयर्सच्या विश्वचषकात ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलला सुवर्ण आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कैरोला सम्राट राणा एअर पिस्तुलात जगज्जेता. खाशाबा जाधव, हेलसिंकी, १९५२ आणि मग महाराष्ट्राच्या वैयक्तिक पदकासाठी बहात्तर वर्षांची वाट, हे मी तुम्हाला सांगायला नको. यादी इथे संपवतो, कारण मला बोलायचं आहे ते यादीत न येणाऱ्या माणसांविषयी. माझं म्हणणं असं की आजची पदकं पंचवीस वर्षांपूर्वी रिकाम्या हातांनी परतलेल्या नेमबाजांनी घडवली आहेत. ते नेमबाज घरी बसले नाहीत, रेंजवर प्रशिक्षक म्हणून उभे राहिले. म्हणून हंगामाचा हिशेब मांडताना पदकाआधी प्रशिक्षक मोजायला हवेत.

आधी या खेळाचं माप डोळ्यांसमोर आणू. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे ज्याच्यावर नेम धरायचा ते नेमाच्या छर्ऱ्यापेक्षा नऊ पटींनी लहान. पात्रता फेरीत असे साठ शॉट पंचाहत्तर मिनिटांत मारायचे. इथे बसलेल्यांना पंचाहत्तर मिनिटं म्हणजे काय ते सिल्क बोर्डच्या चौकातल्या वाहतूक कोंडीने शिकवलेलं आहे. (हशा) पण त्या पंचाहत्तर मिनिटांत तुम्ही चिडलात तर हॉर्न वाजवता. नेमबाज चिडला तर त्याचा शॉट नवाच्या कड्यात जातो आणि स्पर्धा हातची जाते. श्वास कुठे थांबवायचा, नाडीच्या दोन ठोक्यांमध्ये ट्रिगर कसा सुटू द्यायचा, बिघडलेला शॉट पुढच्या शॉटपर्यंत कसा पोचू द्यायचा नाही, ही विद्या पुस्तकात सापडते तेवढी पुरत नाही. जो त्या रेषेवर उभा राहून हरलेला आहे, त्याच्याकडून ती घ्यावी लागते.

पुरावा पाहू. मुंबईत वरळीच्या रेंजवर संजय चक्रवर्ती यांनी एक पिढी तयार केली. एनसीसीतून आलेली अंजली भागवत २००० साली सिडनीत अंतिम फेरीत पोचली आणि २००२ मध्ये म्युनिकला तिने पुरुष-महिला एकत्र असलेली ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ स्पर्धा जिंकली. सुमा शिरूर मूळची इथूनच जवळच्या चिक्कबळ्ळापूरची. (टाळ्या) तिने २००४ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत क्वालालंपूरला चारशेपैकी चारशे गुण मारले आणि त्याच वर्षी अथेन्सची अंतिम फेरी गाठली. दीपाली देशपांडेही अथेन्सला होती. तिघींपैकी कुणाच्याही गळ्यात ऑलिम्पिक पदक पडलं नाही. वर्तमानपत्री हिशेबात तिथे प्रकरण बंद होतं. आता पुढचं पान पाहा. सुमाच्या हाताखाली अवनी लेखरा तयार झाली. तिने टोकियो पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण आणि कांस्य मिळवलं आणि पॅरिसला पुन्हा सुवर्ण. दीपालीच्या हाताखाली स्वप्निल, अंजुम मुद्गिल, सिफ्त कौर सामरा. सिफ्तने २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत विश्वविक्रमासह सुवर्ण घेतलं. १७ जानेवारी २०२५ ला राष्ट्रपती भवनात एकाच समारंभात स्वप्निलला अर्जुन पुरस्कार आणि दीपालीला द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. अथेन्सहून पदकाशिवाय परतलेल्या बाईंचं खातं वीस वर्षांनी असं जमा झालं.

हा मराठी अभिमान आहे असं कुणी म्हणेल, म्हणून महाराष्ट्राबाहेरचं उदाहरण देतो. जसपाल राणा १९९४ मध्ये मिलानला ज्युनियर जगज्जेता झाला, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धांत त्याने पदकांची रास घातली, पण ऑलिम्पिक पदक नाही. मनू भाकर त्याची शिष्या. टोकियोच्या आधी दोघं वेगळे झाले आणि टोकियोत मनूला पदक मिळालं नाही. २०२३ मध्ये ती परत त्याच्याकडे गेली आणि २०२४ मध्ये दोन पदकं घेऊन आली. टोकियोत तिचं पिस्तूलही ऐन स्पर्धेत बिघडलं होतं, हे मान्य करून मी म्हणतो की एवढा स्पष्ट धडा खेळात क्वचित मिळतो. आणि बेंगळुरूचाच दाखला हवा असेल तर प्रकाश नंजप्पा. कॅनडात सॉफ्टवेअरची नोकरी करणारा हा माणूस परत येऊन २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात एअर पिस्तुलाचं कांस्यपदक जिंकतो आणि २०१६ मध्ये रिओला जातो. तुमच्यातलाच तो. पण त्याच्या घरात वडील स्वतः नेमबाज होते, हे आपण सांगायला विसरतो.

आता आक्षेप. पहिला, अभिनव बिंद्राचा. २००८ चं ऑलिम्पिक सुवर्ण कुठल्या सरकारी रेंजमधून आलं? घरच्या रेंजमधून आणि परदेशी प्रशिक्षकांकडून आलं. खरं आहे. पण लेफ्टनंट कर्नल धिल्लन हे त्याचे पहिले गुरू होते, पुढे त्याला शिकवणाऱ्या गॅब्रिएल ब्युलमन या स्वतः स्वित्झर्लंडच्या ऑलिम्पिक नेमबाज. पैशाने त्याने विकत घेतलं ते शेवटी अनुभवी माणसाचं सान्निध्य. ज्यांच्या घरी रेंज नाही त्यांना हे सान्निध्य कोण देणार, एवढाच प्रश्न उरतो.

दुसरा आक्षेप या गावचा आहे आणि चहाच्या वेळी तो माझ्यापर्यंत पोचला. आता सेन्सर आहेत, विदा आहे, प्रशिक्षकाची गरज किती? नळीच्या टोकाशी सेन्सर लावून, नेम धरल्यापासून ट्रिगर सुटेपर्यंत नळी कशी फिरली याची रेघ पडद्यावर दाखवणारी यंत्रणा जगभर वापरतात, आपल्याकडेही वापरतात, आणि ती उत्तम आहे. ती रेघ डावीकडे सरकली हे यंत्र सांगतं. कोपर दुखतोय म्हणून सरकली, की शेजारच्या लेनवरचा गुण दिसला म्हणून, की कालच्या फोनमुळे, हे ओळखणारा माणूस लागतो. (मागून : “तेही येईल!”) येईल. येईल तेव्हा मला बोलवा, मी पुन्हा येईन. (हशा) पण आज स्वप्निलच्या कांबळवाडीतल्या मुलाला ते उपलब्ध नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. प्रशिक्षक एवढे चांगले, तर २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झालेला, पॅरिसचा कोटा मिळवून देणारा रुद्रांक्ष पॅरिसला का गेला नाही? (आवाज : “अन्याय!”) थोडं थांबा. कोटा देशाचा असतो, खेळाडूचा नसतो, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. राष्ट्रीय रायफल संघटनेने चार निवड चाचण्या ठेवल्या, दिल्लीत दोन आणि भोपाळमध्ये दोन, आणि त्यांचे निकष आधी जाहीर केले. अर्जुन बबुटा आणि संदीप सिंग पहिल्या दोघांत आले, रुद्रांक्ष तिसरा. जागा दोन. मला विचाराल तर नियम आधी सांगितलेला होता, म्हणून तो पाळणंच न्याय्य होतं. बबुटा पॅरिसला चौथा आला, म्हणजे निवड पोकळ नव्हती. पण विषय तिथे संपत नाही. ज्यांना वाटतं की जगज्जेत्याला अनुभवाचं वजन मिळायला हवं होतं, त्यांचं म्हणणंही मी झटकून टाकत नाही. चाचणीतले गुण त्या आठवड्याचा फॉर्म सांगतात, चार वर्षांची घडण सांगत नाहीत. आणि तरीही घडणीचा अंदाज निवड समितीच्या हाती सोपवला की ओळखीपाळखींना दार उघडतं, हे आपण इतर खेळांत पाहिलं आहे. मला या प्रकरणात मोलाचं वाटतं ते वेगळंच. विशीतल्या मुलाच्या हातून ऑलिम्पिक निसटतं आणि पुढच्या वर्षी तो विश्वचषकाचं सुवर्ण जिंकतो. मधल्या महिन्यांत त्याला रायफल खाली ठेवू न देणारी माणसं होती म्हणून हे झालं. प्रशिक्षणाची कसोटी पदकाच्या दिवशी लागते त्याहून जास्त अशा महिन्यांत लागते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली आहेत. मावळंकरांविषयी सविस्तर बोलायचं ठरवलं होतं, ते दोन वाक्यांत आटोपतो. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन करणारे गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. ही पायरी असल्यामुळे गावातला मुलगा वर येऊ शकतो.

स्वप्निलकडे वळतो, कारण सगळा युक्तिवाद त्याच्यात एकवटतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत आला. नाशिकला त्याने रायफल धरली, पुढे पुण्यात बालेवाडीला सराव केला, मध्य रेल्वेने त्याला तिकीट तपासनिसाची नोकरी दिली. एक सरकारी प्रबोधिनी, एक सार्वजनिक रेंज, एक रेल्वेची नोकरी आणि या सगळ्यात सतत कुणीतरी मागे उभं. २०२३ मध्ये हांगचौला तो पुढे असताना एका शॉटला आठही मिळाले नाहीत आणि तो चौथ्या क्रमांकावर गेला. २०२२ च्या जागतिक स्पर्धेतही चौथाच होता. हांगचौनंतर दहा महिन्यांनी पॅरिसला, तीन अवस्थांत मारायच्या त्याच्या रायफल प्रकारात, गुडघ्यावरच्या फेरीनंतर तो सहावा, झोपून मारायच्या फेरीनंतर पाचवा आणि उभ्याने मारताना, जिथे पूर्वी घसरला होता तिथेच, तिसरा. ४५१.४ गुण. या दहा महिन्यांत दीपालीताई होत्या, ऑस्ट्रियाचे थॉमस फार्निक होते. परदेशी प्रशिक्षकाचं श्रेय लपवायचं मला कारण नाही. पण स्वप्निलच्याच कोल्हापुरात पाहा, दुधाळीच्या रेंजवर जयसिंग कुसाळे यांनी तेजस्विनी सावंतला सुरुवातीचे धडे दिले आणि २०१० मध्ये म्युनिकला ती जगज्जेती झाली. राही सरनोबतही तिथलीच, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला. एका जिल्ह्यातून एवढं उगवतं ते पाण्यामुळे नाही. (हशा) तिथे शिकवणारे टिकले, म्हणून.

हे सगळं मी इथे का सांगतो? कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि ऑलिम्पिक, पॅरालिम्पिक तसंच ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण त्या कामांच्या यादीत आहे. इथल्या रस्त्यांवर अशी कार्यालयं ओळीने उभी आहेत आणि त्यांच्या समित्यांवर तुमच्यापैकी काही बसतात. पदक मिळाल्यावर सत्कार आणि धनादेश देणं सोपं आहे. तेव्हा खेळाडूला मदत करायला सगळेच तयार असतात. तुम्ही एका जिल्ह्याच्या रेंजवरच्या प्रशिक्षकाचं वेतन द्या. करार एका आर्थिक वर्षाचा करू नका, निदान पाच वर्षांचा करा. प्रबोधिनीपासून पॅरिसपर्यंत स्वप्निलला पंधरा वर्षं लागली आणि त्यांतल्या चौदा वर्षांच्या अहवालात दाखवायला ऑलिम्पिक पदक नव्हतं. प्रश्न आता घेतो, आधी मागच्या रांगेतून ‘अन्याय’ म्हणणाऱ्या गृहस्थांचा.