थोरल्या आईची आठवण
(दहाव्याच्या दिवशीं घरच्या अंगणांत झालेलें भाषण)



आज दहावा. पण अंगणांत भटजी नाहीं, ओढ्याच्या कांठीं पिंड ठेवलेला नाहीं, आणि कावळ्याची वाट पाहत कोणी उन्हांत ताटकळत उभें नाहीं. भावकींतील कांहीं वडील मंडळींस हें रुचलेलें नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु ही आमच्या डोक्यांतून निघालेली टूम नव्हे. थोरल्या आईनें तीन वर्षांपूर्वींच आम्हां सर्व नातवंडांस समोर बसवून बजावलें होतें, "जित्यापणीं भाकरी घातलीत, तेवढीच मला पोचली. मेल्यावर कावळ्याला कशाला मधीं घालतां?" तिचा शब्द तिच्या मागें मोडण्याची छाती आमची नाहीं.

तिला आम्हीं आजी असें कधीं म्हटलें नाहीं. आमचे वडील तिला आई म्हणत, आणि आमच्या आयांपेक्षां ती मोठी म्हणून ती आम्हांला थोरली आई. पुढें सगळी आळीच तिला थोरली आई म्हणूं लागली.

तिच्या जन्माची नोंद कोठें सांपडली नाहीं. मोठ्या तापाच्या सालीं, म्हणजे १९१८ मध्यें, तिच्या आईचें पहिलें मूल गेलें. मग दोन भाऊ झाले, आणि त्यांच्या पाठीवर ती. वडूजच्या कचेरीवर ९ सप्टेंबर १९४२ रोजीं मोर्चा गेला व गोळी चालली, तेव्हां ती नुकतीच लुगडें नेसूं लागली होती. ह्या हिशेबानें ती पंच्याण्णवीला पोंचली होती. तिला विचारलें तर म्हणे, "शंभराला कांहीं कमी, तुम्हांला काय सोयरीक जमवायची हाय?"

तिचा बाप सत्यशोधक जलशांत डफ वाजवी. जोतीरावांनीं सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यांत काढला, पण आमच्या माळरानावर तो पोंचला डफाच्या थापेनेंच. मुकुंदराव पाटलांच्या 'दीनमित्रा'चा अंक हातोहात फिरत कधीं महिन्यानें, कधीं दोन महिन्यांनीं येई. बाप तो पारावर मोठ्यानें वाची आणि ही पोर खांबाआड उभी राहून ऐके. मुलींना शाळेंत घालण्याची रीत गांवांत नव्हती. बापानें तिला चुलीच्या राखेंत बोटानें अक्षरें गिरवावयास लाविलें. ती अखेरपर्यंत वाचीत होती, बोट ठेवून, एकेक अक्षर जोडून. पण सही तिची ठसठशीत असे. अंगठा तिनें उभ्या आयुष्यांत कोठें उठविला नाहीं.

१९४४ सालीं, प्रतिसरकारच्या धामधुमींत, तिचें गांधी लग्न झालें. हुंडा नाहीं, मानपान नाहीं, वाजंत्री नाहीं. खर्च काय तो गुळाच्या ढेपेचा. त्या गुळाची गोष्ट तिनें आम्हांस इतक्यांदां सांगितली आहे कीं आम्हीं तो खाल्ल्यासारखाच आहे.

१९६५ सालीं आमचे आजोबा वारले. पदरांत दोन मुलगे, तीन मुली, धाकटी दोन वर्षांची. सहा एकर कोरडवाहू जमीन आणि विहिरीसाठीं काढलेलें कर्ज. विहिरीला पाणी जेमतेम, कर्जाला मात्र झरा चांगला होता. दोन वर्षांनीं, ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनेचा भूकंप झाला आणि चुलीमागची भिंत पडली. ती तिनें मुलींना हाताशीं घेऊन मातीनें पुन्हां उभी केली. आजहि ती जरा वांकडी आहे; पाहुण्यांनीं आंत जाऊन पाहावी.

मग आला १९७२ चा दुष्काळ. आमचे वडील तेव्हां सातारला वसतिगृहांत राहून शिकत होते, चुलते गांवच्या शाळेंत. कर्जाची थकबाकी सांचून जप्तीची नोटीस दारावर लागली होती. थोरल्या आईनें मुलगे शाळेंतून काढले नाहींत. ती दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेली, आणि बरोबर थोरली आत्या व मधली आत्या. एक सोळा वर्षांची, दुसरी चौदा. फोडलेल्या खडीचें माप होई आणि मापाप्रमाणें पगार मिळे. घरीं मिलोच्या लाल भाकरी, कामावर सुकडी. हप्त्याच्या पगारांतील अर्धे पैसे ती लुगड्याच्या गांठींत बांधी, आणि गांठ मोठी झाली कीं तालुक्यास चालत जाऊन कर्जांत भरी. पावत्या पत्र्याच्या डब्यांत आहेत. आम्हीं त्या लहानपणीं खेळावयास घेतल्या म्हणून उलथन्याचा मारहि खाल्ला आहे. जमीन वांचली. चटणीएवढ्या ढलप्या उडून थोरल्या आत्याच्या मनगटावर जे वण पडले, ते आहेत तसे आहेत.

ती देवता नव्हती. हट्टी होती, चिकट होती, सुनांना पहिलीं दहा वर्षें तिनें तेलाची बरणी हातीं दिली नाहीं. आणि १९७३ सालीं, एक तोंड कमी व्हावें म्हणून, मधल्या आत्याला तिनें पंधराव्या वर्षीं उजवून टाकलें. सत्यशोधकाच्या मुलीनें हें केलें. त्याची टोचणी तिला अखेरपर्यंत होती. मधली आत्या माहेरीं आली कीं थोरली आई तिला चुलीपाशीं जाऊं देत नसे, स्वतः करून वाढी. बोलत मात्र कांहीं नसे.

आतां एक कबुली द्यावयाची आहे, आणि ती ह्या अंगणांतच दिली पाहिजे.

सातव्या दिवशीं आम्हीं नातवांनीं तालुक्याच्या गांवीं जाऊन एक कागद तयार करून आणला. हक्कसोडपत्र. तिघी आत्यांनीं आपला हिस्सा भावांच्या लाभांत सोडला, असा मजकूर. आम्हांस त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. घरोघर असेंच चालतें, आणि आत्याहि सह्या करण्यास तयार होत्या. आजवर सातबाऱ्यावर त्यांचीं नांवें 'इतर हक्क' ह्या रकान्यांत, एका कोपऱ्यांत पडून होतीं. थोरल्या आत्यानें कागद हातांत घेतला. तिला वाचतां येत नाहीं. तिनें तो उजेडापुढें धरला, उलटसुलट केला, आणि विचारलें, "ह्यात खडीचं काय लिवलंय?"

आम्हांपैकीं एकाच्याहि तोंडून शब्द निघाला नाहीं. आमचे वडील उठून परसांत गेले.

कायदा काय आहे तें मग आम्हीं नीट विचारून घेतलें, आधीं विचारलें नव्हतें. १९५६ च्या कायद्याप्रमाणें विधवेच्या नांवचा हिस्सा तिच्या मुलांस व मुलींस सारखाच जातो. वडिलार्जित जमिनींत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. बाप त्या दिवशीं हयात असलाच पाहिजे असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं सांगितलें. म्हणजे आत्यांनीं आम्हांपाशीं मागावें असें कांहीं नव्हतेंच. मागत होतों ते आम्ही.

आपण भटशाहीच्या नांवानें दीडशें वर्षें बोटें मोडीत आलों, आणि तें योग्यच होतें. पण हक्कसोड लिहून घ्यावयास कोणी भटजी येत नाहीं, मंडळी. तो कागद आपले हात करतात. दहाव्याचा भात शिजत असतांना, बहिणीचे डोळे रडून सुजलेले असतांना, तिच्यापुढें पेन धरणारे आपणच. "सही दिली नाहीं तर माहेर तुटेल" ही धमकी कोणत्या पोथींत लिहिली आहे? भावकींतील एक काका काल म्हणाले कीं, असें केलें तर जमिनीचे तुकडे होतील. दोन भावांत वांटणी होते तेव्हां तुकडे होत नाहींत काय? तेव्हां काकांनीं स्वतःच बांधावर दगड रोवले होते.

तो कागद आम्हीं चुलींत घातला. काल तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज दिला, त्यांत पांचहि नांवें आहेत. थोरली आत्या आपला हिस्सा ठेवणार आहे. मधलीचें ठरलेलें नाहीं. धाकटी म्हणते, "मला नको असंल तर मी माझ्या तोंडानं सांगीन, तुमच्या कागदानं न्हाय." तिचेंहि बरोबर आहे.

आणखी एक सांगावयाचें राहिलें. थोरली आई शाळवाचें बियाणें दरसाल उभ्या पिकांतून कणसें निवडून धरी, राख व कडुनिंबाचा पाला घालून मडक्यांत ठेवी. परवां उतरंड काढली तेव्हां सर्वांत खालच्या मडक्यांत तिच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यांत बांधलेलीं बियाण्याचीं गांठोडीं निघालीं. पांच आहेत. आम्हीं तीं मापून पाहिलीं, सगळीं सारखीं भरलीं. जेवणें झालीं कीं तीं वांटावयाचीं आहेत, तेव्हां आत्यांनीं एस. टी. ची घाई करूं नये.